घरच्या घरी ‘एस्केप रूम’: पत्त्यांचे सहकारी रहस्यखेळ, खेळायचे कसे आणि मराठीत बनवायचे कसे

खडूफळा

एका खोलीत अडकलोय, तासाभरात बाहेर पडायचंय, सगळे एकाच बाजूला आणि समोर फक्त पत्ते. या प्रकारच्या खेळांबद्दल मराठीत सविस्तर असं काहीच सापडत नाही, म्हणून हा धागा.

खऱ्या खोलीतला एस्केप रूम जपानमध्ये क्योटोला २००७ साली सुरू झाला. खोक्यात मावणारा प्रकार साधारण दहा वर्षांनी युरोपातून आला. जर्मनीच्या कोसमोसचा ‘एक्झिट’ २०१६ चा. फ्रान्सच्या स्पेस काउबॉइजचा ‘अनलॉक’ आणि इटलीच्या डीव्ही जोकीचा ‘डेकस्केप’ हे दोन्ही २०१७ चे. ‘एक्झिट’ इंका आणि मार्कस ब्रांड या जोडप्याने बनवला आणि त्याच्या पहिल्या तीन खेळांना मिळून २०१७ चं ‘केनरश्पील देस यारेस’ हे जर्मन पारितोषिक मिळालं.

तिन्हींचा गाभा वेगवेगळा आहे, आणि विकत घ्यायच्या आधी हे माहीत असावं.

‘अनलॉक’मध्ये एका कथेला ६० पत्ते असतात आणि फोनवर त्यांचं ॲप लागतं. लाल आकड्याची वस्तू निळ्या आकड्याच्या वस्तूवर वापरायची म्हणजे दोन आकड्यांची बेरीज करायची आणि त्या क्रमांकाचा पत्ता काढायचा. पिवळा पत्ता म्हणजे कुलूप: चार अंकी कोड ॲपमध्ये टाकायचा. हिरवा म्हणजे यंत्र. चुकीची बेरीज केली तर तो पत्ता गड्डीत नसतोच, किंवा असतो आणि दंड सांगतो. मग ॲपमधली मिनिटं कापली जातात.

‘एक्झिट’मध्ये फिरती चकती असते. कोड्याच्या चिन्हाखाली कोड जुळवला की खिडकीत उत्तरपत्त्याचा क्रमांक दिसतो. तो पत्ता एकतर ‘चूक’ म्हणतो, नाहीतर हा कोड नेमका कुठल्या वस्तूवर वापरताय ते विचारून दुसऱ्या पत्त्याकडे पाठवतो. कागद कापायचे, दुमडायचे, त्यावर लिहायचं, त्यामुळे एकदाच खेळता येतो.

‘डेकस्केप’ला फक्त घड्याळ लागतं. पत्त्याच्या पुढच्या बाजूला कोडं, मागे उत्तर.

धाग्याचा एकच नियम: कुठल्याही खोक्यातल्या कोड्याचं उत्तर इथे फोडू नका. यांतलं प्रत्येक कोडं माणसाला आयुष्यात एकदाच सोडवता येतं.

सांगाती

छान धागा. मी टेबलाच्या मांडणीपासून सुरुवात करते, कारण निम्मी गडबड तिथेच होते.

‘अनलॉक’ची गड्डी आकडे वर ठेवून, चित्रं खाली ठेवून हाताळायची. खेळाच्या आधी एकाने पत्ते नुसत्या पाठी बघून चढत्या क्रमाने लावावेत आणि वीस-वीसच्या टप्प्याने तीन-चार ढीग करावेत. मग हवा तो पत्ता दोन-तीन सेकंदांत निघतो; एरवी साठ पत्ते चाळताना दर वेळी वीस सेकंद जातात आणि एखादा उलटतोही. यात एक अडचण आहे. पाठी चाळणाऱ्याला कुठले आकडे अस्तित्वात आहेत ते कळतं, आणि मग ‘५८ तर नाहीच आहे’ अशा मागच्या दाराने उत्तरं निघायला लागतात. म्हणून गड्डी एकाच्याच ताब्यात द्या आणि त्याने मागितलेला पत्ताच शोधायचा, असं आधी ठरवा.

फेकायचे पत्ते वेळेवर फेका. नव्या पत्त्याच्या कोपऱ्यात काही आकडे खोडलेले दिसतात. त्या क्रमांकाचे पत्ते टेबलावरून गेलेच पाहिजेत. ते राहिले तर लोक संपलेल्या किल्लीची बेरीज नव्या दाराशी करत बसतात आणि दंड खातात.

उजेड सरळ डोक्यावरून नको. चकचकीत पत्त्यावर ट्यूबलाइटची तिरीप पडली की चित्रात लपवलेला बारीक आकडा दिसत नाही. बाजूने येणारा टेबललॅम्प आणि चाळिशीच्या पुढच्यांसाठी एक भिंग एवढं पुरतं.

‘डेकस्केप’ची गड्डी मात्र चुकूनही पिसू नका. क्रम हाच त्याचा खेळ आहे. घरात कुणी सवयीने पत्ते हातात घेऊन पिसायला लागतं, तेव्हा खोकं उघडतानाच सांगून ठेवा.

चौकटराणी

सांगातीताईंच्या यादीत सगळ्यात मोठी गोष्ट राहिली: एकच माणूस खेळतो आणि बाकीचे बघतात. सहकारी खेळांचा हा जुना रोग आहे, पण इथे तो जास्त बोचतो, कारण घड्याळ चालू असतं आणि जो लवकर वाचतो तोच पत्ता धरून ठेवतो.

उपाय नियमानेच करावा लागतो, समजावून होत नाही. नवीन पत्ता निघाला की काढणाऱ्याने त्यावरचं सगळं मोठ्याने वाचायचं, चित्रात काय दिसतंय तेही बोलायचं, आणि मग तो पत्ता प्रत्येकाच्या हातातून एकदा फिरवून टेबलाच्या मधोमध ठेवायचा. चौघांत याला जेमतेम वीस सेकंद लागतात. ही वीस सेकंदं वाया जात नाहीत: एकाला दारावरची खूण दिसते, दुसऱ्याला गालिच्यातला आकडा. अडकलेल्या गटांत बहुतेक वेळा हवी ती माहिती टेबलावरच असते, फक्त ती दोन माणसांकडे विभागलेली असते आणि दोघांनीही बोलून दाखवलेली नसते.

खोक्यावर सहा खेळाडू लिहिलेले असले तरी चाराच्या वर जाऊ नका. दोघं-तिघं उत्तम. ‘एक्झिट’मध्ये एकच पुस्तिका असते, ती सहा जणांत फिरवता येत नाही.

मदत कधी घ्यायची? पाच मिनिटांत कुणालाही नवीन काही सुचलं नाही तर घ्यायची, मानापमान नको. ‘एक्झिट’मध्ये प्रत्येक कोड्याला तीन मदतपत्ते असतात आणि तिसऱ्यावर सरळ उत्तर असतं. पहिला पत्ता फार कामाचा: या कोड्यासाठी काय काय समोर हवं ते तो सांगतो. बऱ्याचदा कळतं की आपल्याकडे अजून तो कागद आलेलाच नाही आणि आपण अर्ध्या माहितीवर डोकं फोडतोय. ‘अनलॉक’मध्ये ॲपच्या सूचनाबटणावर अडकलेल्या पत्त्याचा क्रमांक टाकायचा. ॲप आणि तो विशिष्ट खेळ आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवा.

वाटसरू_नाशिक

प्रश्न: घरात आई-बाबा आहेत, त्यांना इंग्रजी वाचायला जड जातं, आणि नऊ-दहा वर्षांची दोन मुलं. कुठला घ्यावा?

सांगाती

@वाटसरू, ‘अनलॉक’. चित्रांवर जास्त भर आहे, आणि खोक्यात दहा पत्त्यांचा सराव असतो, त्यात बेरजेचा नियम पाच-सात मिनिटांत सगळ्यांना कळतो. तीन कथा असलेलं खोकं घेतलंत तर सर्वांत सोपी आधी. ‘एक्झिट’मध्ये पुस्तिकेचा मजकूर बराच, आणि काही कोडी शब्दांच्या लांबीवर, अक्षरांच्या क्रमावर असतात. तिथे तोंडी भाषांतर केलं की कोडं मरतं.

म्हणून वाचणाऱ्याने एक शिस्त पाळावी. कथेचा परिच्छेद खुशाल मराठीत सांगा. पण एखादा शब्द विचित्र ठिकाणी मोठा छापलाय, वेगळ्या रंगात आहे, शुद्धलेखन चुकलेलं वाटतंय, तर तो आहे तसा कागदावर उतरवून टेबलावर ठेवा आणि शेजारी अर्थ लिहा.

आई-बाबांना ‘तुम्ही फक्त बघा’ असं म्हणू नका. चित्रातला फरक ओळखणं, चुंबळीसारखी गुंतलेली रेघ शेवटपर्यंत पाठलाग करत नेणं, आकड्यांची तोंडी बेरीज, या कामांत ती पिढी पक्की असते. ॲप मुलांच्या हाती नको, मुलं कोड अंदाजाने मारत सुटतात आणि प्रत्येक चुकीला मिनिटं जातात.

अर्धविराम

‘एक्झिट’ न फाडता खेळण्याबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे ही खोकी बाहेरून मागवावी लागतात आणि एकदा खेळून टाकून देणं जिवावर येतं.

फक्त लिहायचं असेल तिथे पान पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवा आणि वरून ओएचपी पेनाने लिहा. ओल्या कापडाने पुसायचं तर पाण्याने जाणारी शाई घ्या, पक्की शाई स्पिरिटशिवाय जात नाही. कापायचं किंवा दुमडायचं असेल तिथे रंगीत झेरॉक्स. दुकानात सांगा की शंभर टक्के मापातच हवी. ‘पानावर बसवा’ हा पर्याय चालू राहिला तर प्रत तीन-चार टक्के आकसते, आणि दोन तुकडे जुळवल्यावर रेघ रेघेला लागत नाही. काळी-पांढरी प्रत काढू नका, रंग हीच खूण असू शकते.

अडचण अशी की काय कापावं लागणार हे आधी माहीत नसतं. सगळी पुस्तिका आधी झेरॉक्स करणारा माणूस ती पानं बघून बसतो. म्हणून हे काम न खेळणाऱ्या माणसाकडून किंवा दुकानदाराकडून करून घ्या आणि प्रती पालथ्या ठेवा.

चौकटराणी

अर्धविराम, मनापासून असहमत. ‘एक्झिट’ची गंमत कात्री लावण्यातच आहे. कागद वाचवायच्या नादात लोक दुमडायचं टाळतात आणि दुमडल्याशिवाय उत्तर दिसतच नाही. जपूनच ठेवायचं असेल तर ‘अनलॉक’ किंवा ‘डेकस्केप’ घ्या, दोन्ही जसेच्या तसे दुसऱ्या घरी देता येतात.

अर्धविराम

दुमडायचं टाळू नका हे मान्य. झेरॉक्स त्यासाठीच, ती बिनधास्त दुमडा.

बेरीजवजाबाकी

आता घरी बनवण्याकडे वळू या का? मराठीत तयार खेळ मिळत नसेल तर ३० पत्त्यांचा एक घरी बनवणं जमण्यासारखं आहे. ‘अनलॉक’ची बेरजेची पद्धत सगळ्यात सोपी वाटते, आणि तिथेच पहिला खड्डा आहे.

समजा लाल वस्तू तीन: किल्ली १२, काडेपेटी १७, दोरी २३. निळ्या जागा तीन: कपाट ३१, कंदील ३६, विहीर ४४. किल्ली आणि कंदील केलं तर ४८. काडेपेटी आणि कपाट केलं तरी ४८. काडेपेटी-कंदील ही बरोबर जोडी ५३ वर आहे, पण ४८ क्रमांकावर तुम्ही काहीही लिहिलंत तरी ते दोन वेगळ्या कृतींचं उत्तर ठरतं. ‘किल्लीने कंदील उघडत नाही’ असा दंड लिहिला तर काडेपेटी कपाटावर वापरणाऱ्याच्या हातातही तोच येतो. त्यामुळे एकूण एक बेरजा लिहून काढा. तीन गुणिले तीन म्हणजे नऊच आहेत. कंदील ३६ ऐवजी ३८ केला की झालं.

गणपुले_नव्हे_गणित

३८ नका करू. दोरी २३ अधिक कंदील ३८ म्हणजे ६१, आणि काडेपेटी १७ अधिक विहीर ४४ म्हणजेही ६१. ३९ केलात तर काडेपेटी-कंदील ५६ आणि किल्ली-विहीर ५६.

बेरजा करत बसण्यापेक्षा फरक बघा. लाल आकड्यांमधले फरक: ५, ६, ११. निळ्यांमधला एकही फरक यांतला नको. ३६ ला निळे फरक ५, ८, १३ येतात, पाच अडला. ३८ ला ७, ६, १३, सहा अडला. ३९ ला ८, ५, १३, पुन्हा पाच. ४० ला ९, ४, १३, एकही जुळत नाही. म्हणजे कंदील ४०. नऊ बेरजा ४३, ५२, ५६, ४८, ५७, ६१, ५४, ६३, ६७, सगळ्या वेगळ्या.

वस्तू वाढवताना हाच नियम. शिवाय कुठलीही बेरीज टेबलावर येणाऱ्या लाल-निळ्या पत्त्याच्या स्वतःच्या क्रमांकाशी जुळता कामा नये, नाहीतर चुकीच्या बेरजेने लोक पुढच्या खोलीतली वस्तू उचलतात.

बेरीजवजाबाकी

फरकाची युक्ती फार उपयोगी, धन्यवाद. ४० पक्का.

मुळाक्षर

कोड्यांसाठी इंग्रजी ए-बी-सी सरकवत बसू नका. आपल्या मुळाक्षरांत तयार तक्ता बसलेला आहे: क, च, ट, त, प हे पाच वर्ग आणि प्रत्येकात पाच अक्षरं. आडवी ओळ आधी, मग ओळीतली जागा. ‘खण’ घ्या. ख म्हणजे पहिल्या ओळीतलं दुसरं, १२. ण म्हणजे तिसऱ्या ओळीतलं पाचवं, ३५. कोड १२३५. ‘कडी’ ११३३, ‘ताट’ ४१३१. कपाटाचं चित्र काढून खाली ‘किल्ली खणात’ असं लिहिलं आणि भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता टांगलेला दाखवला, तर मुलंसुद्धा ओळखतात.

काय चुकतं: य र ल व श ष स ह ळ या तक्त्यात बसत नाहीत, म्हणून ‘दिवा’, ‘कुलूप’ असे शब्द बाद. दुसरं, कुणी उभी ओळ आधी धरली तर खणचा कोड २१५३ येतो. खेळाडूची यात चूक नाही. एकतर तक्त्याच्या डाव्या कडेला मोठा बाण काढा, नाहीतर २१५३ टाकणाऱ्यासाठी ‘आडवं आधी वाचा’ अशी बिनदंडाची सूचना ठेवा.

मोठ्यांसाठी कटपयादी, म्हणजे अक्षरांना आकडे देण्याची जुनी पद्धत, आहे. क ते झ १ ते ९ आणि ञ शून्य, ट ते ध १ ते ९ आणि न शून्य, प ते म १ ते ५, य ते ह १ ते ८. ‘कमल’ म्हणजे क १, म ५, ल ३. परंपरेने आकडे उजवीकडून वाचायचे, ‘अङ्कानां वामतो गतिः’, म्हणून ३५१. हे माहीत नसलेला १५३ टाकेल. तेव्हा हे वचन कथेतच कुठेतरी, एखाद्या जुन्या वहीच्या कडेला, लिहिलेलं दिसलं पाहिजे. खेळाबाहेरच्या ज्ञानावर कोडं अडता कामा नये. तासाभराच्या खेळात कटपयादी एकदाच वापरा, तक्ता द्या, आणि जोडाक्षर नसलेला शब्द निवडा, कारण जोडाक्षरात शेवटचंच व्यंजन मोजतात आणि ते समजावण्यात कोड्याचा जीव जातो.

बेरीजवजाबाकी

चित्रात लपवलेल्या आकड्यांबद्दल एक भर. देवनागरी हाताने काढलेत तर १ आणि ९ यांत घोळ होतो, आणि ५, ८, ९ यांची वळणं फॉन्टागणिक बदलतात. पूर्ण खेळात एकच फॉन्ट ठेवा. इंग्रजी अंक वापरत असाल तर सहा आणि नऊच्या खाली रेघ द्या, पत्ता चौघांच्या मध्ये असला की दोघांना तो उलटाच दिसतो.

वाटसरू_नाशिक

छपाई कुठल्या कागदावर? आणि ॲप नसताना कोड बरोबर आला हे कसं कळणार?

अर्धविराम

छपाई: पत्त्याचं माप ६३ बाय ८८ मिलिमीटर धरा. ए-फोरवर तीन गुणिले तीन, नऊ पत्ते बसतात. ३० पत्त्यांना चार पानं. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कार्डशीट. १०० जीएसएमवर छापलं की दिव्यासमोर धरताच आतलं चित्र मागून दिसतं आणि खेळ संपला. दोन्ही बाजूंच्या छपाईत मागची बाजू दोन-तीन मिलिमीटर सरकतेच, म्हणून मागे कडेपर्यंत रंग नेऊ नका. पांढरी चौकट ठेवा आणि मधोमध मोठा क्रमांक टाका. मागच्या पानावर क्रमांकांची जुळणी आरशासारखी उलटी हवी, पहिल्या ओळीत १, २, ३ असतील तर मागे ३, २, १. पूर्ण संच छापायच्या आधी एक पान छापून खिडकीच्या काचेवर धरून बघा. लॅमिनेशन नको, पत्ते निसटतात आणि ढीग उभा राहत नाही.

कोड: गूगल फॉर्म. प्रत्येक कुलूप म्हणजे एक वेगळा विभाग, लहान उत्तराचा सक्तीचा प्रश्न, आणि ‘रिस्पॉन्स व्हॅलिडेशन’मध्ये बरोबर कोड. चुकलं तर दिसणारं वाक्य आपणच लिहायचं, उदाहरणार्थ ‘कडी हललीसुद्धा नाही’. कोड इंग्रजी अंकांत की मराठी अंकांत टाकायचा ते प्रश्नातच लिहा, कारण १२३५ देवनागरीत टाकणाऱ्याला बरोबर उत्तरावरही नकार मिळू शकतो.

बॅगेचं तीन चकत्यांचं कुलूप वापरायचा मोह होतो. त्यात एक हजारच जुळण्या असतात. दोन सेकंदाला एक या वेगाने मुलं ते ३३ मिनिटांत नुसतं फिरवून उघडतात, आणि दोन अंक कळले असतील तर दहा प्रयत्नांत. चार चकत्यांचं घ्या.

चौकटराणी

तासाच्या खेळाला आठ ते दहा कोडी पुरतात. पहिली दोन इतकी सोपी हवीत की दहा मिनिटांत सगळ्यांच्या हाताला काहीतरी लागलेलं असेल. मध्यभागी दोन-तीन कोडी एकाच वेळी उघडी ठेवा, म्हणजे घरातले विभागून बसतात. सगळी एकामागोमाग ठेवली तर एकच डोकं चालतं आणि बाकीचे चहा करायला उठतात.

चाचणीच्या वेळी बनवणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं. शेजारी वही घ्या, प्रत्येक कोड्याची सुरुवात आणि शेवट मिनिटात लिहा, आणि खेळाडूंनी टाकलेलं प्रत्येक चुकीचं उत्तरही लिहा. दोन वेगळ्या गटांनी तेच चुकीचं उत्तर दिलं तर कोडं बदला. एखाद्या कोड्याला बारा मिनिटं लागली आणि सुटल्यावर कुणी ‘अच्छा!’ म्हणालं नाही, तर ते काढून टाका.

वाटसरू_नाशिक

शेवटचं एक: खेळून झालेला ‘अनलॉक’ मावसभावाला द्यायचाय. काही बघून द्यावं लागतं का?

सांगाती

हो. तिन्ही कथांचे पत्ते आधी वेगळे करा, क्रमांक सारखेच असतात आणि एका कथेचा ३५ दुसरीत गेला तर खेळ अडतो. प्रत्येक गड्डी साठची मोजा. पत्त्यावर कुणी पेन्सिलीने खूण केली असेल तर ती खोडरबराने काढा, आणि लपलेल्या आकड्यांवर नखाचे ओरखडे उमटलेत का ते तिरप्या उजेडात बघा. गड्डी लावताना क्रमाने नको. सुरुवातीचा पत्ता वर ठेवून बाकीचे पिसून द्या. सोबत चिठ्ठीवर फक्त कथांची नावं सोप्यापासून अवघडापर्यंत लिहा, बाकी काही नाही.